मांडीवरचा ताल

संकलक फुटेज ज्या कप्प्यांत लावून ठेवतो त्यांना 'बिन' म्हणतात. २००९ साली अंधेरीतल्या एका एडिट रूममध्ये रात्रपाळी करणाऱ्या तरुण संकलिकेच्या पडद्यावर अशा बिनांची रांग लागलेली असे : 'आई रडते', 'आई हात जोडते', 'बाबा अभिमान', 'परीक्षक थक्क', 'प्रेक्षक उभे'. ती आई कोणत्या दिवशी, कोणत्या गाण्याला रडली हे त्या नावांत कुठेच लिहिलेलं नसे. लागतही नसे. गाणं कुठलंही असो, शेवटच्या कडव्यानंतर भरून आलेले डोळे तीन सेकंद दिसले पाहिजेत, हे आधीच ठरलेलं होतं.

ती साताऱ्याहून मुंबईत आलेली. घरात गाण्याचं वेड, त्यामुळे गाण्याच्या स्पर्धेवर काम मिळालं याचा तिला मनापासून आनंद झाला होता. दिवसही तसेच होते. 'सारेगमप'च्या लिट्ल चॅम्प्सनी नुकतंच अख्ख्या महाराष्ट्राला टीव्हीसमोर बसवलं होतं. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत ही नावं लोक आपल्या घरातल्या मुलांसारखी घेत होते. ती ज्या कार्यक्रमावर होती तो त्या लाटेत आलेल्या अनेकांपैकी एक.

एका दिवसात दोन भागांचं चित्रीकरण व्हायचं. सेटवर नऊ कॅमेरे, त्यांतला एक कायम नातेवाइकांच्या रांगेवर रोखलेला. त्या कॅमेऱ्याचं फुटेज आलं की पहिलं काम लॉगिंगचं : कोण कधी हसलं, कोणी पदर डोळ्यांना लावला, कोणी शेजारच्याचा हात धरला. मग ते बिनांत. एकदा बिनात गेलं की त्या क्षणाची वेळ पुसली जाई आणि तो कुठल्याही दिवशी, कुठल्याही गाण्याला वापरता येई. परीक्षकांचं तसंच. सकाळी दिवे लावताना कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीवर उंचावलेल्या भुवया रात्री एखाद्या तानेला दाद म्हणून जात.

स्पर्धकाच्या गावी जाऊन केलेल्या तीन-चार मिनिटांच्या फितीला 'एव्ही' म्हणत. घराची ओळख, आईवडील, शाळा, एखादं दुःख. 'अॅक्शन'च्या आधीचं आणि 'कट'च्या नंतरचं सगळं संकलकाच्या पुढ्यात असतं, म्हणून जे प्रेक्षकाला कधीच ऐकू येत नाही ते तिला रोज ऐकू येई. "मावशी, परत एकदा. जरा हळू चाला." घागर घेऊन विहिरीकडे निघालेल्या त्या मावशीच्या मागे, अंगणाच्या कोपऱ्यात, नळ चालू असलेला दिसायचा. ती तो नळ फ्रेमबाहेर जाईल इतपत चित्र मोठं करायची.

पुढे बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दिलेली बोलणी, आले. चार वेगळ्या वाक्यांतले शब्द काढून पाचवं वाक्य उभं करायचं, आणि जिथे जोड दिसेल तिथे ऐकणाऱ्याचा चेहरा टाकायचा. अमेरिकेतल्या संकलकांनी फ्रँकेन्स्टाइनच्या त्या शिवलेल्या देहावरून याला 'फ्रँकनबाइट' असं नाव दिलेलं आहे. अंधेरीत त्याला वेगळं नाव नव्हतं. ते रोजचं काम होतं.

माणदेशाकडून आलेला एक मुलगा त्या पर्वात होता. आवाज खणखणीत, शिक्षण भजनी मंडळातलं. त्याच्याबरोबर आई असायची. एका भागात त्याने अभंग म्हटला आणि तो इतका चांगला म्हटला की रात्री तीन वाजता एडिट रूममध्ये तिने तो तीनदा ऐकला. मग नातेवाइकांच्या कॅमेऱ्याचं फुटेज लावलं. आई रडत नव्हती. डोळे मिटलेले, चेहरा कोरा, उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. तिने तो शॉट 'काही नाही' असं लिहून बाजूला टाकला. 'आई रडते' या बिनात त्याच आईचा दुसऱ्या दिवशीचा एक शॉट होता. सेटच्या मागे धाकटी मुलगी पाच मिनिटं सापडेना, म्हणून ती माऊली घाबरून रडली होती, आणि जागेवर परत येऊन बसली तेव्हा कॅमेऱ्याने तिला टिपलं होतं. साडी तीच, रांग तीच. शॉट बसला. वाहिनीकडून तो भाग एका झटक्यात पास झाला आणि प्रोमोतही तेच तीन सेकंद गेले.

दोन आठवड्यांनी संकलिका काही कामासाठी सेटवर गेली तेव्हा त्या बाईंनी तिला शोधून काढलं. आवाजात राग नव्हता. "ताई, त्या अभंगाला म्या रडले न्हवते. ताल धरून बसले व्हते. दुसऱ्या कडव्याला पोरगा जरा पुढं पळाला, ते ध्यानात ठिवलं व्हतं, घरी गेल्यावर सांगायला."

मुलाचं गाणं त्या आईकडून आलेलं होतं. भजनी मंडळात बायकांना ती साथ देई, हे तेव्हा कळलं. एव्हीत ते कुठेच नव्हतं. एव्हीत घागर होती. महाराष्ट्राने पाहिली ती गरिबीतून आलेल्या लेकाचं यश बघून भारावलेली माय. लेकाच्या लयीतली चूक पकडणारी जाणकार बाई कुणालाच दिसली नाही, आणि ती न दिसण्याला आपले हात लागले आहेत हे संकलिकेला त्या क्षणी कळलं. एडिट रूममध्ये परतल्यावर तिने तो मांडीवरच्या बोटांचा शॉट काढून पुन्हा पाहिला. पुढे पर्व संपलं, ड्राइव्ह पुसून पुढच्या पर्वाला वापरायला दिल्या गेल्या, आणि त्यात तोही गेला.

टीव्हीवरची जुनी फसवणूक निकालाची होती. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या काही प्रश्नमंजूषांमध्ये स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवली जात. 'ट्वेंटी वन' या कार्यक्रमातला लोकप्रिय विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याने १९५९ मध्ये तिथल्या काँग्रेसच्या समितीसमोर तसं कबूल केलं, आणि १९६० मध्ये कायद्यात बदल करून अशी फसवणूक बेकायदा ठरवण्यात आली. निकाल खरा असला पाहिजे, एवढं त्या समाजाने ठरवून घेतलं. पण निकाल खरा ठेवूनही बाकी सगळं बदलता येतं. माणदेशच्या मुलाची मतं कुणी चोरली नव्हती. त्याच्या आईचा चेहरा तेवढा बदलला होता, आणि त्यासाठी कुठलंही कलम नाही.

त्यानंतरची सहा-सात वर्षं ती याच व्यवसायात राहिली. घरभाडं होतं, भावाचं शिक्षण होतं. पण एक प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना : सगळंच संकलन निवड करतं, मग यातलं नेमकं काय चुकलं?

'बिग बॉस'सारख्या कार्यक्रमांना लोक सर्रास खोटं म्हणतात. तिला ते तितकंसं पटत नसे. नेदरलँड्समध्ये १९९९ साली त्याचा मूळ कार्यक्रम 'बिग ब्रदर' सुरू झाला, हिंदीत तो २००६ मध्ये आला आणि मराठीत २०१८ मध्ये, महेश मांजरेकरांसह. घरात घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही, भिंतीभिंतीवर कॅमेरे, दर आठवड्याला कुणीतरी घराबाहेर. अशा कोंडवाड्यात माणसं भांडणारच. पण तो कोंडवाडा आहे हे आत जाणाऱ्याला माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही. चोवीस तासांतला एक तास निवडताना तिथेही माणसाला सोयीचा आकार दिला जातो, त्याचं समर्थन ती करत नाही. तरीही उघड मांडलेल्या खेळापेक्षा, साध्यासुध्या वाटणाऱ्या गाण्याच्या स्पर्धेत गुपचूप बदललेला अश्रू तिला अधिक गंभीर वाटतो. कारण तिथे प्रेक्षकाने स्वतःला सावध करण्याचं काही कारणच नसतं.

मग तिने माहितीपटांकडे जायचं ठरवलं. तिथे सगळं सरळ असेल अशी तिची समजूत होती. ती फार टिकली नाही.

ज्याला जगातला पहिला मोठा माहितीपट म्हणतात तो रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ', १९२२ सालचा. त्यातल्या नायकाचं खरं नाव नानूक नव्हतं, अल्लाकारियल्लाक होतं. त्याच्या लोकांकडे तोवर बंदुका आलेल्या होत्या, पण शिकार भाल्याने करायला लावली. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून अर्धंच घर बांधून उघड्या बाजूने चित्रीकरण केलं. हे वाचताना तिला अंगणातला नळ आठवला. १९५८च्या डिस्नेच्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या चित्रपटाची गोष्ट तर याहून वाईट. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी सामूहिक आत्महत्या करतात असं त्यात दाखवलं. प्रत्यक्षात ते दुसऱ्या प्रांतातून विकत आणून कड्यावरून ढकललेले होते. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं होतं.

तेव्हा माहितीपट या शब्दातच खरेपणा आहे, असं नाही. फरक असलाच तर कामाच्या पद्धतीत असणार, आणि तो तिला दोन प्रकारे दिसत गेला.

पहिला, वेळ. स्मृती मुंध्रा आणि सरिता खुराना यांचा 'अ सुटेबल गर्ल' हा माहितीपट २०१७ साली आला. त्यात मुंबईतल्या सीमा तापडिया आहेत. जगाची लग्नं जुळवणारी ही बाई त्या चित्रपटात स्वतःच्या मुलीसाठी, रितूसाठी, स्थळ शोधते. चित्रीकरण काही वर्षं चाललं. मुलीला नेमकं काय हवंय हे आईला धड विचारता येत नाही, आणि व्यवसायातली सगळी हुशारी घरच्या उंबऱ्यावर अडते, हे त्यात हळूहळू कळत जातं. त्याच सीमा तापडिया २०२० मध्ये 'इंडियन मॅचमेकिंग'मध्ये आल्या, मागे पुन्हा स्मृती मुंध्राच. बाई तीच, व्यवसाय तोच. पण इथे आठ भाग ठरलेले, प्रत्येक भागात कुणाची तरी भेट घडलीच पाहिजे. या मालिकेला २०२१ मध्ये एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं ते ठरीव साचा नसलेल्या रिअॅलिटी कार्यक्रमांच्या गटात. संकलिकेने दोन्ही पाठोपाठ पाहिले. मालिकेतल्या सीमा तापडिया ठसकेबाज आहेत, लक्षात राहतात, त्यांची वाक्यं लोकांच्या तोंडी बसली. माहितीपटातल्या सीमा तापडिया कधी कधी गप्प बसतात. मालिकेला तेवढी सवड नव्हती, असं तिचं मत आहे.

आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'चं उदाहरण ती नव्या सहायकांना नेहमी देते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले, आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला हा चित्रपट २०११ मध्ये पुरा झाला. चौदा वर्षं. पुण्यातला कबीर कला मंच उभा राहिला तो २००२ नंतर, आणि त्याचे तरुण कलाकार या चित्रपटाच्या पुढच्या भागात येतात. पहिल्या दिवशी कॅमेरा उचलला तेव्हा पुढे असं काही येणार आहे हे कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. ज्या एडिट रूममध्ये गाणं गायलं जाण्याआधीच त्याच्या शेवटी कोण रडणार हे ठरे, तिथून आलेल्या माणसाला हे पाहून काय वाटत असेल याची कल्पना करता येईल.

दुसरा फरक कळायला स्वतःच्या हातून चूक व्हावी लागली.

एका दिग्दर्शिकेने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड जोडप्यावर माहितीपट करायला घेतला होता. दोन हंगाम ती त्या टोळीबरोबर राहिली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फेडायला दोघं परजिल्ह्यात जातात, कारखान्याजवळच्या माळावर कोपी घालतात, पहाटे फडात उतरतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात. एकशे ऐंशी तासांचं फुटेज संकलिकेकडे आलं. बिनांना तिने या वेळी फक्त तारीख, ठिकाण आणि वेळ दिली. 'रडणं' असं नाव पुन्हा कुठल्याही बिनाला द्यायचं नाही, हे तिने पक्कं केलं होतं.

सात महिने काम चाललं. चित्रपटाच्या शेवटाकडे मुकादमाशी हिशेब होतो आणि उचल फिटलेली नसते, पुढच्या वर्षीही यावं लागणार असतं. हिशेब झाल्यानंतर काय झालं, याचं चित्रीकरण नव्हतं. बॅटरी चार्ज करायला दिग्दर्शिका कारखान्याच्या गेटवर गेली होती. पण नऊ दिवस आधीचा एक शॉट होता : ती बाई कोपीच्या दाराशी बसली आहे, समोर बघते आहे, चाळीस सेकंद एक शब्द नाही. हिशेबाच्या प्रसंगानंतर तो शॉट ठेवला आणि दोघींनाही वाटलं, चित्रपट मिळाला. ज्यांनी ज्यांनी कच्चं संकलन पाहिलं त्यांनी याच जागेचं कौतुक केलं.

अंतिम करण्याआधी ते त्या जोडप्याला दाखवायचं, असं दिग्दर्शिकेने त्यांना कबूल केलं होतं. हंगाम संपून टोळ्या गावी परतल्या होत्या. दोघी लॅपटॉप घेऊन गेल्या. घरात दहा-बारा माणसं जमली, पोरं पुढे, म्हातारी खाटेवर. स्वतःची कोपी, स्वतःचे बैल पडद्यावर बघून आधी हशा झाला, मग सगळी गप्प झाली. हिशेब आला. त्यानंतरचे चाळीस सेकंद आले. ती बाई मान पुढे काढून बघत होती.

"ताई, हे त्या दिशीचं न्हाई."

संकलिकेच्या पोटात खड्डा पडला. असंच वाक्य तिने दहा वर्षांपूर्वी ऐकलं होतं.

"हिशेबाच्या दिशी म्या गप्प कुठं व्हते? लई भांडले मुकादमासंगं. ह्यास्नी इचारा."

नवऱ्याने मान डोलावली. ती भांडली होती, वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, पैसे धरले नाहीत म्हणून. आकडा न् आकडा तोंडपाठ सांगून भांडली होती, आणि त्यातले काही पैसे तिने सोडवूनही घेतले होते. चित्रपटात मात्र ती सोसून गप्प बसलेली बाई झाली होती, शहरातल्या प्रेक्षकाला सहज कळेल अशी. मग नऊ दिवस आधी ती तशी का बसली होती? तेही तिने सांगितलं, हलक्या आवाजात, आणि लगेच म्हणाली, "ते नका घालू." ते चित्रपटात नाही. इथेही लिहिलेलं नाही.

त्या रात्री दोघींचा वाद झाला. दिग्दर्शिकेचं म्हणणं असं की शॉट खरा आहे, बाई खरी आहे, कर्ज खरं आहे. नऊ दिवसांनी काय बिघडतं? वाद अगदीच पोकळ नव्हता. माहितीपटात रोज असं केलं जातं, सकाळचं दुपारी लावलं जातं, पक्ष्याचा आवाज दुसऱ्या दिवसाचा असतो, आणि त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं. संकलिका एवढंच म्हणत राहिली की नऊ दिवस सरकवल्याने भांडणारी बाई गप्प झाली आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बाईला भांडण पुन्हा सांगायला विनंती केली. सांगायलाच, करून दाखवायला नाही. पिवळ्या बल्बच्या उजेडात, मधे मधे नवरा आकडा दुरुस्त करतोय, म्हातारी खोकतेय, असा तो प्रसंग आहे. दिसायला तो चाळीस सेकंदांच्या शांततेच्या पासंगालाही पुरत नाही. चित्रपटात तोच आहे.

ज्याँ रूश आणि एडगर मोरँ या दोघांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या रस्त्यांवर लोकांपुढे एक प्रश्न ठेवला होता, तुम्ही सुखी आहात का? त्यातून १९६१ मध्ये 'क्रॉनिक द्युन एते' हा चित्रपट आला. शेवटी दोघं त्या सगळ्या माणसांना एकत्र बसवून चित्रफीत दाखवतात आणि ती माणसं काय बोलली तेही चित्रपटात ठेवतात. कुणी म्हणतं, हे फारच उघडं झालं. कुणी म्हणतं, हे नाटकी आहे. मग दोघे दिग्दर्शक एका संग्रहालयात येरझाऱ्या घालत आपलं काय फसलं यावर बोलतात. संकलिकेने हा चित्रपट बीडहून परतल्यावर पाहिला. इतक्या वर्षांपूर्वी कुणीतरी आक्षेपाची जागा चित्रपटाच्या आतच करून ठेवली होती, या विचाराने तिला भरून आलं.

सगळ्यांना ती जागा मिळत नाही. 'अॅन अमेरिकन फॅमिली' ही बारा भागांची मालिका १९७३ मध्ये अमेरिकेत दाखवली गेली. सांता बार्बराच्या लाउड कुटुंबाचं सुमारे तीनशे तासांचं चित्रीकरण होतं, आईवडिलांचं वेगळं होणं कॅमेऱ्यासमोर घडलं होतं. निवडीत आपलं जगणं विकृत झालं असं ते कुटुंब म्हणालं, तोवर देशभर लोक त्यांच्याबद्दल मत बनवून मोकळे झाले होते. 'रायटिंग विथ फायर' हा 'खबर लहरिया'च्या पत्रकार स्त्रियांवरचा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला, आणि सोहळ्याच्या तोंडावर त्या संस्थेनेच निवेदन काढलं की आपल्या कामाचं यातलं चित्र अपुरं आहे, एकाच पक्षाच्या बातम्यांवर भर दिल्यासारखं दिसतं. कोण किती बरोबर, हा निवाडा करण्याइतकं बाहेरच्याला ठाऊक नसतं. पण आपल्याविषयीचं म्हणणं मांडायला त्यांना निवेदन काढावं लागलं, याची संकलिकेला खंत वाटते.

माणदेशच्या त्या आईचा पत्ता तिने नंतर शोधून पाहिला. फोन नंबर बदललेला होता.

बीडच्या त्या घरात चित्रपट संपला तेव्हा पोरांनी पुन्हा लावा म्हणून गलका केला. बाईंना पुन्हा सगळं नको होतं. त्यांना एकच हवं होतं : डाव्या जूचा बैल पाणी पिताना दाखवला होता का? तो या हंगामात गेला होता. चित्रपटात तो शॉट नव्हता, पण फुटेजमध्ये असणार. संकलिकेने ड्राइव्ह जोडली, तारखा विचारल्या, ओढ्याकाठचा बिन उघडला. लॅपटॉपची बॅटरी अकरा टक्क्यांवर आली होती. शेजारच्या घरातून कुणीतरी वायर ओढून आणली, पोरं बाजूला सरकली, आणि बाई पडद्यासमोर येऊन बसल्या.